आक्काची वही आणि चव्वेचाळीस लाख

माझे दाजी ३० जून २०२४ ला हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले. नोकरी सव्वीस वर्षं, वय शेहेचाळीस. गाव सातारा तालुक्यातलं. फौजींचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपशिंग्यासारखं 'मिलिटरी' हे नाव त्याला चिकटलेलं नाही, पण आळीआळीत एक तरी फौजी आहेच. जुलै-ऑगस्टमध्ये टप्प्याटप्प्यानं त्यांच्या खात्यावर चव्वेचाळीस लाख जमा झाले. त्या पैशांचं पुढच्या वर्षभरात काय झालं, कुठं चुकलं आणि कुठं थोडक्यात वाचलं, ते इथं सविस्तर लिहितोय.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. दहा-बारा वर्षं माझे पैसे मीच गुंतवतो. मी सल्लागार नाही, या कामाचा एक रुपयाही घेत नाही. दाजी आणि आक्का, दोघांनी लिहायला होकार दिलाय. आकडे सोयीसाठी गोल केलेत आणि गावाचं नाव मुद्दाम गाळलंय. आमच्या जिल्ह्यात असे फौजी सतत घरी परतत असतात, आणि त्यांच्या आधी त्यांच्या पैशांची बातमी गावात पोहोचलेली असते. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

पिशवीतली 'एफडी'

राखीच्या आदल्या दिवशी, रविवारी १८ ऑगस्टला आक्काकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर दाजी म्हणाले, "पाव्हणं, तीन लाखांची एफडी केली बघा. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, फौजी लोकांसाठी खास हाय."

मी म्हटलं, पावती बघू. आक्कानं कपाटातून औषधांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली. आत एफडीची पावती नव्हती, जाडजूड कागदांचा विम्याचा बाँड होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. खाली दाजींची सही, इंग्रजीत, फौजेत करायचे तशी ठसठशीत.

"दहा वर्षं भरायचे?" आक्का म्हणाली. दाजी काहीच बोलले नाहीत. कंपनीकडून खातरजमेचा फोन आला होता. समोर बसलेल्या माणसानं सांगितलेलं, सगळ्याला हो म्हणा. दाजींनी हो म्हटलं. सव्वीस वर्षं ज्यांनी वरिष्ठानं दिलेला कागद शंका न घेता सही करून परत केला, त्यांना खुर्चीत बसवून, चहा पाजून, 'साहेब' म्हणत सही घेणं अवघड नाही. मला राग आला तो याचा. दाजी भोळे नाहीत. पण त्यांच्या आयुष्यात हुद्द्यावरच्या माणसानं फसवलंय, असं कधी घडलंच नव्हतं.

मग कागदावर हिशेब मांडला. तो इथं पूर्ण देतो, कारण कॅल्क्युलेटर नसला तरी जमतो. दरवर्षी ३ लाखप्रमाणे दहा वर्षांत ३० लाख भरायचे. विसाव्या वर्षाअखेर हमीचे ६२ लाख मिळणार. "दुपटीपेक्षा जास्त" असं बँकेत सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. पण पहिला हप्ता वीस वर्षं राहतो, दहावा अकराच वर्षं. दोन्हींची सरासरी साडेपंधरा. म्हणजे पैसे साडेपंधरा वर्षांत जेमतेम दुप्पट. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्यानं बहात्तरला भागलं की व्याजदराचा अंदाज मिळतो; साडेपंधरानं भागलं की साडेचारच्या थोडं वर उत्तर येतं. घरी येऊन संगणकावर काढलं तर पावणेपाच टक्के निघाले. त्याच बँकेच्या त्याच टेबलावर साध्या मुदत ठेवीला त्या वेळी सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं.

व्याजापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती, आणि ती मला नाही, आक्काला दिसली. दाजींच्या हातात येणारी पेन्शन महिन्याला पंचवीस हजार. वर्षाचे तीन लाख. हप्ताही तीन लाख. "मग दहा वर्षं पेन्शन त्यांनाच द्यायची आणि आपण काय खायचं?" ती म्हणाली. एकदाच येणाऱ्या पैशावर दरवर्षीचं वचन लिहून घेतलं होतं.

विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क कापून बाकी रक्कम परत मिळते. प्रश्न होता कागद कधी मिळाले हा. पाकीट कुठं दिसेना. शेवटी माझ्या भाच्यानं, रोहननं, त्या पाकिटात आपले इंजिनिअरिंग प्रवेशाचे दाखले ठेवलेले सापडले. कुरिअरच्या चिठ्ठीवर तारीख होती २९ जुलै. दहा दिवस हातात होते.

बँकेतला माणूस म्हणाला, "वर्षभर थांबा, मग काढू, आत्ता नुकसान होईल." हे धडधडीत उलटं होतं; तीस दिवस टळले की खरं नुकसान सुरू होतं. आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. थेट विमा कंपनीच्या शाखेत गेलो. लेखी अर्ज, मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, वर त्याच दिवशी ईमेलही केला. पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, एवढंच मी दाजींना सांगितलं होतं. ते खरोखर अर्धा तास काउंटरसमोर सावधान उभे राहिले. पैसे परत आले.

विकलेली पेन्शन

आता चव्वेचाळीस लाखांकडे. त्यात ग्रॅच्युइटीचे दहा, रजेच्या पगाराचे सहा, भविष्य निधीचे नऊ, फौजेच्या गट विम्याचे सहा आणि पेन्शन विकल्याचे तेरा. सरकारी निवृत्तीचे हे पैसे असल्यानं यातल्या कशावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे आकडा आहे तसा हातात येतो. तो डोळ्यांत भरतो, आणि गावाच्याही भरतो.

पेन्शन विकणे हा आमच्याकडचा रोजचा शब्द, कागदावर त्याला कम्युटेशन म्हणतात. दाजींची मूळ पेन्शन पंचवीस हजार. जवानांना निम्म्यापर्यंत विकता येते. त्यांनी पूर्ण निम्मी विकली: महिन्याचे साडेबारा हजार पंधरा वर्षांसाठी सोडले आणि तेरा लाख एकरकमी घेतले. २०३९ मध्ये पूर्ण पेन्शन परत सुरू होईल. महागाई भत्ता मात्र विकलेल्या भागासह पूर्ण पंचवीस हजारांवर मिळतो. निवृत्तीच्या वेळी तो ५० टक्के होता, म्हणून राहिलेले साडेबारा आणि भत्त्याचे साडेबारा मिळून हातात पंचवीस हजार येतात.

हे तेरा लाख बक्षीस नाहीत. महिन्याला साडेबारा हजार म्हणजे पंधरा वर्षांत साडेबावीस लाख परत करायचे. उलट बाजूनं बघितलं तर साडेसात-आठ टक्के व्याजाचं कर्जच आहे. फरक एकच, आणि तो लहान नाही: पेन्शनर मध्येच गेला तर कपात तिथंच थांबते, राहिलेली रक्कम बायकोच्या फॅमिली पेन्शनमधून कुणी वसूल करत नाही. कर्ज आणि त्यावर विमा, असं ते जोडकाम आहे.

मला आधी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दाजी, घराच्या स्लॅबला लागतील तेवढेच विका. पण युनिटमध्ये सगळेच पूर्ण निम्मी विकतात, फॉर्म भरणारा क्लार्कही तोच आकडा टाकतो. निवृत्तीला वर्ष उरलेल्या कुणी हे वाचत असेल तर हा एक कागद घरी दाखवून मगच भरा. एकदा दिला की मागे फिरता येत नाही.

वही

माझ्याकडे योजना तयार होती. दाजींना पेन्शन आहे, तीही महागाईबरोबर वाढणारी. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळे दवाखान्याची मोठी काळजी नाही. म्हणजे जोखीम घ्यायची ताकद चांगली. मी म्हटलं, पंधरा लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाबरोबर वर-खाली होणारा फंड) टाकू, बाकी ठेवी.

आक्कानं माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग आत गेली आणि एक शंभर पानी वही घेऊन आली. कोपरे मुडपलेले, पुठ्ठ्यावर हळदीचा डाग. दाजी जम्मूला, आसामला, राजस्थानात असताना तिनं घर त्या वहीवर चालवलं होतं. अशा अकरा वह्या ट्रंकेत आहेत. डाव्या बाजूला आलेले पैसे, उजवीकडे गेलेले. शेवटच्या दोन पानांवर वेगळीच यादी: पुढं काय लागणार आणि केव्हा. 'रोहन फी – जून'. 'पुढची खोली – दिवाळीआधी'. 'आत्यांचं डोळ्याचं ऑपरेशन – थंडीत'.

"तू सांगतोस ते पडलं," ती म्हणाली, "तर यातल्या कुठल्या तारखेचे पैसे पडतील, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. मी पैशाची वाटणी टक्क्यांत केली होती, तिची यादी तारखांची होती. मग आम्ही माझा कागद बाजूला ठेवला आणि तिची पानं पुढं वाढवली, थेट २०३९ पर्यंत. प्रत्येक रकमेसमोर महिना आणि वर्ष. संध्याकाळचे पाच वाजले.

निघालेलं चित्र असं. घरखर्चाची वर्षाची बेगमी तीन लाख, बचत खात्यात आणि छोट्या ठेवीत. दाजींना दुसरी नोकरी लागेपर्यंत हा आधार. पुढच्या खोलीवरची कौलं काढून स्लॅब टाकायला नऊ लाख, दोन बँकांत विभागून कमी मुदतीत. शिक्षणाला आठ: रोहनच्या पहिल्या वर्षाचे दीड लगेच भरायचे, पुढच्या तीन वर्षांचे दीड-दीड लाख तीन वेगळ्या ठेवींत, प्रत्येक ठेव जूनमध्ये पिकणारी. राहिलेले दोन लाख भाचीसाठी राष्ट्रीय बचतपत्रात. ती आठवीत होती; पाच वर्षांनी, बारावी संपवून बाहेर पडेल तेव्हा ७.७ टक्क्यांनी त्याचे जवळपास दोन लाख नव्वद हजार होतील.

बारा लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, दोघांच्या नावे. संयुक्त खात्याला पंधरा लाखांपर्यंत परवानगी आहे, दर ७.४ टक्के. महिन्याला ७,४०० रुपये. विकलेल्या पेन्शननं जे भोक पडलं, ते निम्म्याहून जास्त यानं बुजतं. मला हा भाग सर्वात पटला: पेन्शन विकून आलेला पैसा पुन्हा पेन्शनसारखाच घरात येऊ लागला. व्याजाचा दर त्या 'कर्जा'पेक्षा थोडा कमीच आहे, हे मान्य. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे ८.२ टक्के मिळाले असते तर बरं होतं, पण तिला साधारण साठीची अट आहे आणि फौजींना सवलत असली तरी पन्नाशी पूर्ण लागते. दाजी शेहेचाळीसचे. २०२८ मध्ये त्या वेळचे नियम बघून पुन्हा विचार करायचा, असं वहीत लिहिलंय.

आणि दहा लाख इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅनमध्ये. म्युच्युअल फंडांना २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन ठेवावाच लागतो. वितरकाचं कमिशन त्यात नसल्यानं तेवढा खर्च कमी. पंधराऐवजी दहा लाख आणि तेही एकदम नाही: आधी लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे तात्पुरते ठेवायचा फंड), तिथून दरमहा पन्नास हजार, वीस महिने. एकरकमी टाकले असते तर जास्त मिळण्याची शक्यता गणितानं बरी असते, हे मला माहीत आहे. पण ज्या माणसानं आयुष्यात शेअर बाजार बघितला नाही, त्यानं पहिल्याच पडझडीत सगळं काढून घेणं हा सर्वात महाग प्रकार. हप्ते त्यासाठी. वहीत या ओळीपुढं आक्कानं लिहिलं: 'हात लावायचा नाही – २०३९'.

बेरीज केली तर बेचाळीस लाख. दोन लाख उरले. ते मुद्दाम उरवले होते.

पाहुण्यांची रांग

निवृत्त फौजीच्या घरी पहिले सहा महिने कोण ना कोण येत असतं. चुलत भाऊ पतसंस्थेचे चेअरमन. त्यांना दहा लाखांची ठेव हवी होती, बँकेपेक्षा तीन टक्के जास्त व्याजानं. सहकार या मातीत रुजलेला आहे आणि चांगल्या पतसंस्थांनी गावं उभी केलीत, हे मी मनापासून मानतो. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. जास्तीचे तीन टक्के त्या जोखमीचेच. दाजींना भावाला हे तोंडावर सांगणं जड गेलं. शेवटी आक्का म्हणाली, "भावजी, पन्नास हजार ठेवते. तेवढे गेले तरी तुमच्याशी बोलणं बंद करणार नाही." चेअरमन हसले, पन्नास हजार घेतले, आणि विषय तिथंच मिटला.

धाकट्या भावाला ट्रॅक्टरच्या डाउन पेमेंटला पैसे हवे होते. दीड लाख दिले, परत येणार नाहीत असं मनात धरून. वहीत ते 'उसने' या रकान्यात नाहीत, खर्चात आहेत. नात्यांचे दोन लाख असे संपले.

महामार्गालगत 'दोन गुंठे, चौदा महिन्यांत दुप्पट' घेऊन आलेल्या माणसानं मात्र खूप फेऱ्या मारल्या. दाजींचा जीव जमिनीवर होताच, कुठल्या फौजीचा नसतो? मी फक्त चार कागद मागितले: ताजा सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मोजणीचा नकाशा. बिनशेती 'प्रोसेसमध्ये' होतं. खरेदीखत 'नंतर', आत्ता नोटरी. शेतजमिनीचा दोन गुंठ्यांचा तुकडा तेव्हा तुकडेबंदीत (फार लहान तुकड्यांच्या विक्रीला मनाई करणारा कायदा) अडकत होता आणि नोटरीच्या कागदानं जमीन नावावर होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. पुन्हा फेरी झाली नाही.

फेब्रुवारी

सप्टेंबरात इंडेक्स फंडाचा पहिला हप्ता गेला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला निफ्टीनं २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि त्यानंतर उतरू लागला. दाजींना जानेवारीत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी लागली. रात्रपाळीला मोकळा वेळ आणि हातात मोबाइल. २८ फेब्रुवारी २०२५ ला निफ्टी २२,१२५ च्या आसपास बंद झाला. रात्री साडेअकराला फोन.

"पाव्हणं, अठ्ठावीस हजार गेलं."

सहा हप्ते, तीन लाख, त्याचे दोन लाख बहात्तर हजार दिसत होते. मी निफ्टीचा इतिहास सांगायला लागलो. २०२० च्या जानेवारीत बारा हजारांच्या वर होता, मार्चमध्ये साडेसात हजारांपर्यंत गेला, पुन्हा वर आला, वगैरे. दाजी "हं, हं" करत होते. त्यांना इतिहास नको होता. त्यांचं म्हणणं होतं की आत्ता काढून पोस्टात टाकू, निदान दिसायचं तरी बंद होईल.

मी म्हटलं, आक्काला विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचाच फोन आला. तिनं वही उघडून दाजींपुढं ठेवली होती. जूनची फी ठेवीत होती. स्लॅब दिवाळीआधीच टाकून झाला होता, त्याचे पैसे चुकते झाले होते. पोस्टाचे ७,४०० चार तारखेला खात्यावर येणार होते. पडलेल्या अठ्ठावीस हजारांसमोर वहीत एकच तारीख होती, आणि ती चौदा वर्षं लांब. "ह्यांना म्हटलं, पोस्टिंगवर असताना तुम्ही रोज घरी यायचा का बघायला?" तिनं मला सांगितलं. दाजींनी मोबाइलमधलं ॲप काढून टाकलं. हप्ते चालू राहिले.

माझ्या बाजूनं एक कबूल करायला हवं. मूळ योजनेप्रमाणे पंधरा लाख असते आणि मी ते भराभर टाकायला लावले असते, तर त्या रात्री स्क्रीनवर लाखाच्या वर तोटा दिसला असता. तेव्हा वहीनंही दाजींना थांबवलं असतं की नाही, मला खात्री नाही.

दोन गोष्टी अजून अर्धवट आहेत. सगळ्या ठेवींवर वारस नोंदवला, पण दाजींच्या जुन्या बचत खात्यावर अजून त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव आहे. ते बदलायला दोनदा गेलो, दोनदा 'सिस्टिम बंद' होती. आणि दाजी दुसऱ्या नोकरीच्या पगारातून दरमहा काही बाजूला काढत नाहीत. सव्वीस वर्षं मेसमध्ये जेवलेला माणूस आता रोज साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून घरी काहीतरी घेऊन येतो, कंदी पेढे, भेळ, मुलीला वही-पेन. आक्का त्यावर बोलत नाही. मीही नाही.

जून २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात रोहनच्या दुसऱ्या वर्षाची ठेव पिकली. आक्का स्वतः बँकेत गेली, पैसे कॉलेजच्या खात्यावर पाठवले आणि पावती वहीत चिकटवली. 'रोहन फी – जून' वर तिनं पट्टीनं सरळ रेघ मारली. खालच्या ओळीवर होतं: 'रोहन फी – जून २०२६'.